हवेची तूट आणि दोषसंकेत

रायपूर शहराच्या शंकर नगरात मे महिन्यातील दुपारी पारा ४४ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. अशा वेळी तेथील रस्त्यावरून जाणाऱ्या डिझेल मोटारीला इंधनाची नव्हे, तर हवेची चणचण भासत असते, असे म्हटल्यास सामान्य वाचकाला ते चमत्कारिक वाटेल. पण हिशेब साधा आहे. एक किलोग्रॅम डिझेल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे साडेचौदा किलोग्रॅम हवा लागते. म्हणजे टाकीतील एक लिटर डिझेलमागे एंजिनाला निदान दहा हजार लिटर हवा आत ओढावी लागते. हवा तापली की प्रसरण पावते आणि विरळ होते. १५ अंशांवर एक घनमीटर हवेचे जे वजन भरते, त्यापेक्षा ४५ अंशांवर ते जवळजवळ एकदशांशाने कमी भरते. त्यातून रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथील हवेचा दाब मुळातच किनाऱ्यावरील दाबापेक्षा तीन-साडेतीन टक्क्यांनी उणा असतो.

ही उणीव भरून काढण्याचे काम टर्बोचार्जर करतो. सिलिंडरमध्ये स्वाभाविकपणे जेवढी हवा शिरेल, तिच्या दीडपट, दुप्पट हवा तो दाबून भरतो. लहान एंजिनातून मोठ्या एंजिनाएवढी शक्ती मिळते ती त्यामुळेच. हा दाब अपेक्षेपेक्षा कमी पडू लागला, तर आजच्या मोटारीतील नियंत्रक संगणक त्याची दखल घेतो, चालकासमोरच्या फलकावर एंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लावतो आणि आपल्या स्मृतीत एक दोषसंकेत लिहून ठेवतो. गॅरेजमध्ये या संकेताला नुसते ‘कोड’ म्हणतात. पाच अक्षरांचा हा कोड बहुधा ‘पी ०२९९’ असा असतो आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘टर्बो गेला’ असा लावला जातो. हा अर्थ बरोबर नाही. टर्बोचार्जर हा मोटारीतील अतिशय महागड्या सुट्या भागांपैकी एक आहे. म्हणून त्या संकेताचा खरा अर्थ काय आणि त्यात कोणती गोष्ट सांगितलेलीच नाही, हे मोटारीच्या मालकाला ठाऊक असणे हिताचे आहे.

टर्बोचार्जरची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. त्याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. इंधनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा धुराबरोबर फुकट निघून जातो, ही गोष्ट त्याला खटकत होती. सिलिंडरमधून वेगाने बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या वाटेत पात्यांचे एक चक्र बसविले, तर ते फिरू लागेल. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसविले, तर ते बाहेरची हवा ओढून, दाबून एंजिनाकडे पाठवील. पहिल्या चक्राला टर्बाइन आणि दुसऱ्याला संपीडक म्हणतात. याखेरीज या यंत्रात मूलतः काहीही नाही. अडचण होती ती या चक्रांना सोसावा लागणारा वेग आणि उष्णता यांची. आजच्या मोटारीतील टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो, डिझेल एंजिनातील टर्बाइनवर आदळणारा वायू आठशे अंशांपर्यंत तापलेला असतो, आणि एवढे सगळे वंगण तेलाच्या एका पातळ थरावर तोललेले असते.

अमेरिकेत १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस याने पाइक्स पीक या डोंगराच्या माथ्यावर, १४,१०९ फूट उंचीवर, विमानाचे लिबर्टी एंजिन नेऊन प्रयोग केला. समुद्रसपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते एंजिन माथ्यावरील विरळ हवेत २३० अश्वशक्तीपर्यंत खाली आले. टर्बोचार्जर जोडताच त्याने ३५६ अश्वशक्ती दिली. हवेची तूट भरून निघाली तर काय होते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा सापडणार नाही.

हवा दाबली की तापते, हे सायकलच्या पंपाचे टोक बोटाने दाबून पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत असते. रायपूरच्या उन्हाळ्यातील ४५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, तर संपीडकातून बाहेर पडताना ती १४० अंशांच्या घरात पोहोचते. तापलेली हवा पुन्हा विरळ होणार, म्हणजे दाबण्याचा निम्मा लाभ वाया जाणार. म्हणून ती इंटरकूलर नावाच्या जाळीतून खेळवून थंड केली जाते आणि मगच एंजिनाकडे जाते. संपीडकापासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून एंजिनापर्यंत हवेचा हा प्रवास जाड रबरी नळ्यांतून होतो. गॅरेजमध्ये त्यांना ‘होज’ किंवा ‘होजपाइप’ म्हणतात आणि त्यांच्या जोडांवर धातूच्या पट्ट्या आवळलेल्या असतात. या साध्या, स्वस्त, दुर्लक्षित नळ्या ध्यानात ठेवाव्यात, कारण पी ०२९९ या संकेताच्या कथेत त्यांचे स्थान फार मोठे आहे.

आता दाब किती भरावा, हे कोण ठरविते? एंजिन जितके जोरात फिरेल, तितका धूर अधिक, तितके टर्बाइन वेगवान आणि तितका हवेचा दाबही अधिक. हे चक्र मोकळे सोडले, तर एंजिन फुटेल. त्याला आवर घालण्याच्या दोन पद्धती आहेत आणि भारतातील एका विख्यात एंजिनात त्या दोन्ही पाहावयास मिळाल्या. फियाट कंपनीच्या १,२४८ घनसेंटिमीटर क्षमतेच्या डिझेल एंजिनाचे उत्पादन पुण्याजवळ रांजणगावला आणि हरियाणात मानेसरला होत असे. इंडिका व्हिस्टा, लिनिया, स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा अशा निरनिराळ्या कंपन्यांच्या अनेक गाड्यांत ते बसविले गेले. ते इतके सर्वत्र दिसे की, मोटारशौकिनांनी त्याला थट्टेने ‘राष्ट्रीय एंजिन’ असे नाव दिले होते. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या. तरी या एंजिनाच्या जुन्या गाड्या रायपूर, नागपूर, पुणे अशा शहरांत आजही धावत आहेत. हे एंजिन ७५ आणि ९० अश्वशक्ती अशा दोन रूपांत मिळे. दोहोंतील मुख्य फरक टर्बोचार्जरचा.

७५ अश्वशक्तीच्या रूपात टर्बाइनशेजारी एक आडवाट ठेविलेली असते आणि तिच्या तोंडाशी एक झडप असते. तिला वेस्टगेट म्हणतात. दाब पुरेसा झाला की ही झडप उघडते आणि काही धूर टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. ९० अश्वशक्तीच्या रूपात आडवाट नाही. तेथे टर्बाइनभोवती लहान लहान हलती पाती असतात. ती मिटत आली की वाट अरुंद होते, वायूचा झोत जोराने चक्रावर पडतो आणि दाब वाढतो. ती उघडली की झोत सैलावतो. खिडकीच्या झडपा कलत्या करून वाऱ्याचा झोत कमी-जास्त करावा, तसाच हा प्रकार.

झडप असो की पाती, त्यांना हलविणारा एक लहानसा डबा बाहेरून बसविलेला असतो. त्याच्या आत रबरी पडदा असतो आणि एक बारीक नळी त्याला जोडलेली असते. येथेच एक विलक्षण गोष्ट घडते. वेस्टगेटच्या सर्वसाधारण रचनेत या डब्याला दाबलेली हवा पुरविली जाते. दाब पोहोचला की झडप उघडते. बारीक नळी फाटली, तर दाब पोहोचत नाही, झडप मिटलेलीच राहते आणि एंजिनात प्रमाणाबाहेर हवा भरली जाते. हलत्या पात्यांच्या रचनेत मात्र डब्याला बहुधा निर्वात पोकळीची ओढ दिलेली असते; ओढ लागली की पाती मिटतात. तेथे तीच नळी फाटली, तर ओढ लागत नाही, पाती उघडीच राहतात आणि हवा कमी पडते. पहिल्या गाडीच्या संगणकात पी ०२३४, म्हणजे दाब वाजवीपेक्षा अधिक, असा संकेत उमटेल. दुसरीत पी ०२९९, म्हणजे दाब वाजवीपेक्षा कमी. थोडक्या पैशांत मिळणारी एकच नळी, एकाच प्रकारे फाटलेली, आणि दोन गाड्यांत दोन परस्परविरुद्ध संकेत. बिघडलेल्या भागाचे नाव संकेतावरून वाचू पाहणाऱ्याची फसगत होते ती अशी.

संकेताची भाषा समजून घेतली, तर ही फसगत टळते. ‘पी’ हे अक्षर एंजिन आणि गिअरपेटी यांच्या विभागाचे. मोटारीचा सांगाडा, चाकांकडील यंत्रणा आणि संगणकांतील परस्पर दळणवळण यांसाठी बी, सी आणि यू ही वेगळी अक्षरे आहेत. त्यापुढचे शून्य सांगते की, हा संकेत सर्व कंपन्यांना समान आहे. त्या जागी एक असता, तर तो त्या त्या कंपनीचा स्वतःचा असता. तिसऱ्या स्थानावरील दोनचा आकडा इंधन आणि हवा यांच्या पुरवठ्याचा गट दाखवितो. शेवटचे दोन आकडे म्हणजे त्या गटातील क्रमांक. या क्रमांकापुढे यादीत जे वाक्य लिहिलेले आहे, त्याचा भावार्थ इतकाच : टर्बोचार्जरने भरलेला दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. का कमी आहे, हे त्यात नाही. टर्बोचार्जरचे नाव वाक्यात येते ते भरणारा म्हणून. दोषी म्हणून नव्हे.

असे संकेत मोटारींत आले ते प्रदूषणाच्या चिंतेतून. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळते आणि काळा धूर ओकते. तो धूर दिसण्याआधीच गाडीने स्वतः कळवावे, हा हेतू. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना ही पद्धत सक्तीची झाली. भारतात भारत स्टेज ४ या मानकाबरोबर तिचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आणि अधिक कडक असा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ मध्ये आला. नव्या गाड्यांच्या नमुन्यांची या दृष्टीने परीक्षा घेणाऱ्या संस्थांत पुण्याच्या टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था प्रमुख आहे. चालकाच्या गुडघ्यांच्या वरच्या बाजूस, फलकाखाली जो सोळा टाचण्यांचा जोड असतो, त्याला कोणाचेही वाचक यंत्र लावता येते, ते याच सक्तीमुळे. आपल्या गाडीचा दोष वाचणे ही केवळ कंपनीच्या कार्यशाळेची मिरास राहिलेली नाही, हा या कायद्याचा एक अनपेक्षित लाभच म्हटला पाहिजे.

समजा, शंकर नगरातील एक मराठी कुटुंब दिवाळीसाठी नागपूरला निघाले आहे. भोसल्यांच्या काळापासून रायपूर-नागपूर हा मराठी घरांचा जाण्यायेण्याचा मार्ग आहे; आता तो दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असा महामार्ग झाला आहे. गाडीत पाच माणसे, वर सामान, वातानुकूलन चालू. शहरात गाडी नेहमीसारखी चालली. राजनांदगाव मागे पडल्यावर एका मालमोटारीला ओलांडताना चालकाने पाय दाबला आणि गाडीने दगा दिला : पाय तळाशी, पण वेग वाढेना. मागे काळ्या धुराचा लोट. मग पिवळा दिवा. ओलांडणे अर्ध्यावर सोडून चालकाला मागे यावे लागले. त्यानंतर गाडी बैलगाडीसारखी रखडत, पण न थांबता, चालत राहिली.

हे रखडणे म्हणजे बिघाड नव्हे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मागितलेला आणि मिळालेला दाब यांत काही सेकंद मोठे अंतर पडले की, संगणक इंधन आखडता घेतो आणि एंजिनाला जाणूनबुजून दुर्बळ करतो. तो सावधगिरीचा उपाय आहे. या उपायाला जुना इतिहास आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने जेटफायर नावाची टर्बोचार्जर बसविलेली मोटार बाजारात आणली. तिच्या पेट्रोल एंजिनाला हादऱ्यांपासून वाचविण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. ते संपले की एक झडप आपोआप दाब कमी करी. मालक मिश्रण भरावयास विसरत आणि गाडी मंदावली म्हणून तक्रार करीत. शेवटी १९६५ मध्ये कंपनीने टर्बोचार्जर काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी दाखविली. एंजिनाला वाचविणारी युक्ती लोकांनी एंजिनाचे वैगुण्य मानली, असे ते प्रकरण होते.

नागपूरच्या वाटेवरील गाडीत वाचक यंत्र लावले असता पी ०२९९ दिसले. अनेक गॅरेजांत पुढची पायरी म्हणजे नव्या टर्बोचार्जरचा अंदाजखर्च. वास्तविक पुढची पायरी त्याच यंत्रात आणखी थोडे वाचण्याची असावयास हवी. दोष नोंदविताना संगणक त्या क्षणाचे जणू छायाचित्र घेऊन ठेवतो. एंजिनाचे फेरे, गाडीचा वेग, भार, पाण्याचे तापमान आणि बहुधा आतील हवेचा दाबही त्यात असतो. फेरे अडीच हजार, भार जवळजवळ पुरा, असे आकडे दिसले, तर अर्थ स्पष्ट होतो : दोष जोर लावल्यावरच प्रकट होतो. शहरात हळू चालताना नळ्यांतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा फारसा अधिक नसतो. तेथे नळीला चीर असली, तरी तिच्यातून विशेष काही निसटत नाही. पाय दाबला, दाब चढला, की चिरेची तोंडे विलग होतात आणि हवा फुसफुसत बाहेर पडते. फुगा फुगवावयास लागल्यावरच त्याचे भोक कळावे, तसे हे आहे.

म्हणून शोध नळ्यांपासून सुरू करावा. एंजिन बंद आणि थंड असताना प्रत्येक जोडाभोवती बोट फिरवावे. एंजिनातील वाफारे याच वाटेने परत ओढले जात असल्याने नळ्यांच्या आत तेलाचा पातळ लेप असतोच. तो पाहून घाबरण्याचे कारण नाही. पण नळीच्या बाहेर तेलाचा ओघळ असेल, तर हवा तेथून निसटते आहे. रायपुरात हा ओघळ ओळखणे सोपे जाते. उरला आणि सिलतरा येथील स्पंज आयर्नच्या कारखान्यांचे शहर ते. तेथील धूळ तेलावर बसून काळ्या चिकट पट्ट्यासारखी दिसते. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे वाट बंद करून तीत थोड्या दाबाचा धूर सोडणे. धूर जेथून बाहेर येईल तेथे दोष. ते साधन नसेल, तर हलक्या दाबाची हवा भरून जोडांवर साबणाचे पाणी लावले तरी बुडबुडे सांगतात. सायकलच्या दुकानात पंक्चर काढणारा पोरगा पाण्याच्या परातीत जे पाहतो, तेच येथे पाहावयाचे असते.

चीर कोठे आहे, यालाही महत्त्व आहे. ती संपीडकानंतरच्या वाटेवर असेल, तर दाबलेली हवा बाहेर जाते. शक्ती घटते, पण यंत्राची हानी सहसा होत नाही. ती संपीडकाच्या आधी, हवेच्या गाळणीनंतर असेल, तर बाहेरची धूळ न गाळता आत ओढली जाते. या चिरेमुळे संकेत कदाचित उमटणारही नाही, आणि तरीही हीच अधिक घातक. मिनिटाला दोन लाख फेरे घेणाऱ्या पातळ पात्यांवर लोहकणमिश्रित धूळ आदळू लागली की, त्यांच्या कडा काही हजार किलोमीटरांत झिजतात, आणि मग खरोखरच नवा टर्बोचार्जर लागतो. गाळणी स्वतःच धुळीने तुंबली असेल, तर उलट प्रकार होतो : संपीडकाला ओढावयास हवाच कमी मिळते.

नळ्या आणि गाळणी निर्दोष आढळल्या, तर मग हलविणारा डबा आणि त्याची बारीक नळी. दांडी हाताने किंवा छोट्या हातपंपाने हलते का, मोकळी हलते का, हे पाहणे पाच मिनिटांचे काम आहे. अलीकडच्या गाड्यांत हा डबा निर्वाताऐवजी विजेच्या मोटारीवर चालतो. तेथे ही तपासणी वाचक यंत्राकडून करवून घ्यावी लागते. हलत्या पात्यांच्या टर्बोचार्जरला काजळीची व्याधी जडते. शंकर नगरातून पंडरीच्या बाजारात आणि परत, एवढाच ज्या गाडीचा रोजचा प्रवास, तिचे एंजिन नीट तापतच नाही. काजळी जळून जात नाही, पात्यांच्या खाचांत साचते आणि पाती अडकतात. ती उघडी अडकली तर पी ०२९९, मिटलेली अडकली तर पी ०२३४. कित्येकदा स्वच्छ केल्याने काम भागते.

दोष हवेच्या वाटेबाहेरही असू शकतो. धुराचा काही भाग थंड करून पुन्हा एंजिनात सोडणारी एक झडप असते. ती उघडी अडकली, तर टर्बाइनच्या वाट्याचा धूर आधीच पळवला जातो. भारत स्टेज ६ हे मानक एप्रिल २०२० मध्ये लागू झाल्यापासून डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडविणारी गाळणी असते. ती तुंबली, तर टर्बाइनच्या पुढे धुराला निचरा मिळत नाही आणि चक्र मंदावते. टर्बाइनच्या आधी धुराच्या नळीला भेग असली, तरी परिणाम तोच.

आणि अखेरीस अशीही एक शक्यता राहते की, हवा पुरेशी आहे, पण तिचे माप चुकते आहे. दाब मोजणारा संवेदक म्हणजे सेन्सर एंजिनाच्या हवेच्या वाटेत बसविलेला असतो आणि तेलकट काजळीने त्याचे भोक बुजते. त्याची परीक्षा इतकी सोपी आहे की, ती कोणी करीत नाही. किल्ली फिरवावी, पण एंजिन सुरू करू नये. आता नळ्यांत हवा स्वस्थ आहे. म्हणून संवेदकाने दाखविलेला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा असावयास हवा. मुंबईत समुद्रकाठी हा आकडा शंभर किलोपास्कलच्या आसपास येईल, रायपुरात ९६ ते ९८. रायपुरातील गाडी ८५ दाखवीत असेल, तर टर्बोचार्जरकडे वळण्याचे कारणच नाही. येथे एका गोंधळाची सूचना देणे अवश्य आहे. वाचक यंत्र बहुधा निरपेक्ष दाब दाखविते, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून. गॅरेजमधील तबकडीचे दाबमापक मात्र बाहेरच्या हवेपेक्षा जेवढे अधिक, तेवढेच दाखविते. यंत्रावरचे २०० आणि तबकडीवरचे १०० हे एकाच दाबाचे दोन आकडे आहेत. या घोटाळ्यापायी चांगले टर्बोचार्जर उतरविले गेले आहेत.

मग टर्बोचार्जर स्वतः कधीच दोषी नसतो काय? असतो. पण त्याची लक्षणे वेगळी आणि बरीच मुखर असतात. आत हवा नेणारी नळी काढून चक्राचा दांडा बोटांनी हलवून पाहावा. बाजूला किंचित हलणे स्वाभाविक आहे, कारण तेल नसताना तो सैल असतो. पण पाती कवचाला घासत असतील, त्यांच्या कडा तुटलेल्या असतील, किंवा दांडा आत-बाहेर सरकत असेल, तर त्याचे आयुष्य संपले. शिट्टीचा आवाज वाढत जाऊन किंकाळीसारखा होणे, तेल सतत कमी होणे आणि धूर काळा नव्हे, तर निळसर येणे, या खुणा त्याच दिशेच्या. असे झाल्यावर गाडी चालवीत राहणे धोक्याचे आहे. तेल अडविणारी कडी पुरती निकामी झाली, तर वंगण तेल हवेबरोबर सिलिंडरमध्ये जाते आणि डिझेल एंजिन त्या तेलावरच चालू लागते. मग किल्ली बंद करूनही ते थांबत नाही. फेरे वाढतच जातात आणि एंजिन स्वतःचा नाश करून घेते. हाताच्या गिअरची गाडी असेल, तर ब्रेक पुरा दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून ते गुदमरविता येते. अन्यथा माणसांनी दूर होणे, एवढेच उरते. वरच्या कुटुंबाने काळ्या धुरासह हळूहळू नागपूर गाठले तर फारसे बिघडत नाही. निळा धूर दिसला असता, तर साकोलीच्या पुढे जाणे शहाणपणाचे नव्हते.

टर्बोचार्जर बदलण्याची खरोखर वेळ आलीच, तर तो का गेला, हे आधी शोधावे लागते. तेल आणून सोडणारी बारीक नळी कोळशाने बुजली असेल आणि तीच नव्याला जोडली, तर नवाही टिकणार नाही. हा कोळसा होतो तो मुदत उलटलेल्या तेलामुळे आणि महामार्गावर भरधाव आल्याबरोबर एंजिन बंद करण्याच्या सवयीमुळे : चक्र तापलेले, तेलाचा ओघ थांबलेला, आणि उरलेले तेल जागच्या जागी करपलेले. गाडी थांबविल्यावर मिनिटभर एंजिन संथ चालू देणे पुरेसे असते.

दुरुस्तीआधीच संकेत पुसून टाकण्याची एक प्रथा गॅरेजांत आहे. यंत्रावरील एक कळ दाबली की दिवा विझतो आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. पण त्या कळीबरोबर त्या क्षणाचे छायाचित्रही पुसले जाते आणि संगणकाने स्वतःच्या निरनिराळ्या भागांची घेतलेली परीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पुष्कळ दोषांच्या बाबतीत संगणक एकदा चूक दिसल्यावर ती केवळ प्रलंबित म्हणून टिपून ठेवतो आणि दुसऱ्या प्रवासातही तीच चूक आढळली, तरच दिवा लावतो. म्हणून दिवा विझवून शंकर नगरातल्या शंकर नगरात चार दिवस गाडी फिरविली आणि दिवा लागला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. आकडे आधी कागदावर उतरवून घ्यावेत, नळी बदलावी, संकेत पुसावा, आणि मग ज्या परिस्थितीत दोष प्रकट झाला होता तीच पुन्हा निर्माण करावी : पाच माणसे, सामान, मोकळा रस्ता, अडीच हजार फेरे आणि तळाशी दाबलेला पाय. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने शेजारी बसून वाचक यंत्रावर मागितलेला आणि मिळालेला दाब पाहत राहावे. दोन्ही आकडे बरोबरीने चढले, की काम झाले.